अकरा सुया

सिस्टरला रिटायर होऊन सात वर्षं झाली, तरी तिला सिस्टर म्हणायचं कुणी सोडलं नव्हतं. दूधवाला सिस्टर म्हणे, कोपऱ्यावरचा शिंपी सिस्टर म्हणे, आणि चिडवायचं असलं की नवरासुद्धा सिस्टर म्हणे. चौतीस वर्षं तिने एका मोठ्या हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये काढली होती. सर्जनच्या हातात मागेल ते हत्यार द्यायचं आणि पोट शिवून बंद करायच्या आधी कापसाचे बोळे, चिमटे, सुया सगळं मोजून घ्यायचं, हे तिचं काम. म्हटलं तर साधं. पण मोजण्यात चूक झाली आणि आत काही राहिलं, तर माणूस जिवाला मुकायचा. म्हणून चौतीस वर्षं ती डोळ्यांत तेल घालून उभी राहिली, आणि एकदाही तिचा आकडा चुकला नाही. ह्याचा तिला अभिमान होता का? होता की! का नसावा? लोकांना कशाकशाचा असतो.

एकदा तर एक नावाजलेले सर्जन हात धुऊन घरी जायच्या घाईत होते. सिस्टर म्हणाली, "सर, एक सुई कमी आहे." ते म्हणाले, तू चुकली असशील. ती म्हणाली, मी चुकलेली नाही. त्यांनी आरडाओरडा करून थिएटर डोक्यावर घेतलं, ही आपली ढिम्म. तेव्हा पेशंटच्या उशाशी बसलेले भूल देणारे डॉक्टर शांतपणे म्हणाले, "पेशंट माझ्या ताब्यात आहे. तास लागला तरी हरकत नाही. सिस्टर, तुम्ही शोधा." सुई सापडली सर्जनसाहेबांच्याच बुटाच्या तळव्याला. त्या दिवसापासून भूलवाल्या डॉक्टरांसाठी सिस्टर कुठेही उभी राहायला तयार होती.

असं आयुष्य काढलेली बाई रिटायर झाल्यावर घरात काय करणार? पहिले दोन महिने तिने घर आवरून आवरून नवऱ्याला सळो की पळो करून सोडलं. "अगं, माझ्या चपला तरी मला सापडतील अशा ठेव," तो म्हणे. तो बिचारा नकाशांच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होता, तोही रिटायर. त्याला पेपर, चहा आणि खिडकीजवळची खुर्ची एवढं मिळालं की जगाशी देणंघेणं नसे. मग एक दिवस एक जुनी चादर मधोमध फाटली. सिस्टरने ती टाकून द्यायला उचलली आणि हातातच धरून उभी राहिली. धुऊन धुऊन अशी मऊ झाली होती ती चादर, की टाकवेना. तिने तिच्यावर नवऱ्याच्या दोन जुन्या शर्टांचे तुकडे जोडले, खाली पडद्याचं अस्तर घातलं आणि धावदोरा घालत सुटली. पंधरा दिवसांनी गोधडी झाली.

नवऱ्याने ती जमिनीवर अंथरली, पट्टी आणून मोजली आणि गंभीर चेहऱ्याने निकाल दिला, "चारही बाजू वेगवेगळ्या लांबीच्या आहेत. असला भूखंड मी सगळ्या नोकरीत पाहिला नाही." सिस्टर फणकारली. पण त्या दुपारी तो त्याच गोधडीत घोरत पडला आणि आजतागायत ती त्याने कुणाला हात लावू दिलेली नाही. पुढच्या गोधडीसाठी मात्र त्याने स्वतः पुठ्ठ्याचे चौकोन कापून दिले, एका मापाचे, कोपरे अगदी काटकोनात. तेव्हापासून ह्या घरात ही कामाची वाटणी ठरून गेली.

आता सात वर्षांत त्रेसष्ट गोधड्या झाल्या होत्या. एकही विकली नाही. विकत मागणाऱ्याला ती अशी काही बघायची की तो विषयच बदलायचा. गोधडी द्यायची ती आपल्या माणसाला, आणि त्याच्याच घरातल्या कपड्यांची. भाचीला तिच्या लहानपणच्या फ्रॉकांची दिली होती. शेजारच्या बसड्रायव्हरला त्याच्या खाकी गणवेशांची. तो ती पाठीशी घेऊन गाडी चालवायचा आणि म्हणायचा, सिस्टर, कंबर अगदी गप्प बसलीय. पोस्टातल्या मैत्रिणीने तिची गोधडी खराब होईल म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली, तेव्हा मात्र सिस्टरचा पारा चढला. "काचेच्या कपाटातली बाहुली आहे का ती? अंगावर घे, चहा सांड, फाटली तर आण, मी शिवून देते." ओळखीपाळखीत तर अशी चेष्टा चालायची की सिस्टर यायची म्हटली की चांगले शर्ट आधी कडीकुलपात ठेवा, नाहीतर बोलता बोलता बाई कापडाचा पोत चाचपायला लागेल.

पण तिला विचाराल तर ती सांगे, उपकार घेणाऱ्यांचेच आहेत. हे ती विनयाने म्हणत नसे. विनय आणि ती यांचं फारसं जमत नव्हतं. रिटायर झाल्यावर सकाळी जाग आली की तिचे हात नुसते पांघरुणावर पडलेले असत. त्यांना कुणी बोलावत नव्हतं. त्या हातांना पुन्हा कामाला लावलं ते ह्या माणसांनी. जुने कपडे पिशव्या भरभरून दिले, वाकडे टाके गोड मानून घेतले आणि गोधडी उलगडल्यावर त्यात आपलं कापड ओळखून ओरडले, "अय्या, हा तर माझा शाळेतला!" ते ओरडणं ऐकलं की तिला महिनाभर पुरायचं. एखादा निळा तुकडा पिवळ्याशेजारी ठेवला आणि दोघांचंही जमलं की ती एकटीच हसायची आणि नवऱ्याला बोलवायची, "अहो, इकडे या, बघा तरी." तो येऊन बघायचा आणि म्हणायचा, "छान." ती म्हणायची, "नीट बघून म्हणा."

सुयांच्या बाबतीत मात्र थिएटरचाच कायदा होता. सकाळच्या उजेडात नवरा बारा सुयांत दोरे ओवून द्यायचा, कारण नकाशांवर घालवलेले त्याचे डोळे अजून तेज होते आणि तिला नेढं दिसायचं बंद झालं होतं. दोरा संपला की सुई पत्र्याच्या डबीत. बसणं संपलं की डबी उघडायची, मोजायच्या, बारा भरल्या तरच गोधडीची घडी घालायची. गोधडीत सुई राहून जाणं ह्यासारखं दुसरं पाप नाही, असं ती म्हणे. कापडाच्या थरांत सुई शिरली की ती दिसत नाही, हाताला लागत नाही. लागते ती झोपलेल्या माणसाला.

तर त्या आठवड्यात दोन गोधड्या एकदम चालल्या होत्या. एक भाचीच्या बाळाची. हे बाळ लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेलं, तेही सव्वा महिना आधी. पावणेदोन किलोची मुलगी. तिची आजी, म्हणजे भाचीच्या सासूबाई, तिला मुंगी म्हणायच्या. अठरा दिवस मुंगी काचेच्या पेटीत होती आणि अठरा दिवस सिस्टर तिची गोधडी शिवत होती, उशीएवढी, सगळ्यात मऊ कापडांची. दुसरी गोधडी त्या भूलवाल्या डॉक्टरांची. तेरा महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. बोलणं वाचलं, डोकं वाचलं, पण डावा हात अर्धा गेला आणि डावा पाय गुडघ्याखाली पूर्ण बधिर. एका हाताने शर्टाची बटणं लागत नाहीत म्हणून ते आता टी-शर्ट घालायचे आणि त्यांचे चौकड्यांचे एकवीस शर्ट कपाटात नुसते लटकून होते. ते सिस्टरने मागून आणले होते.

एका सकाळी ती डॉक्टरांच्या गोधडीचा काठ संपवत होती आणि मधेच बाळाच्या गोधडीचे कोपरे पक्के करत होती. तेवढ्यात भाचीचा फोन आला. "मावशी, आज घरी सोडतायत! मुंगी घरी येतेय!" सिस्टर फोनवरच रडली, हसली, पुन्हा रडली. मग नुसती धावपळ. डॉक्टरांकडे काम करणारी बाई गोधडी न्यायला दारात उभीच होती. बाळाच्या गोधडीला इस्त्री करायची होती, साडेतीनची बस गाठायची होती. सिस्टर इस्त्री तापत ठेवून तिथूनच ओरडली, "अहो, सुया तेवढ्या मोजा हो!"

पेपरामागून उत्तर आलं, "बारा!"

आणि दोन्ही गोधड्या घराबाहेर पडल्या. त्यानंतर सिस्टरला सर्दी झाली. एवढ्याशा बाळाजवळ सर्दी घेऊन जायचं नाही म्हणून ती चार दिवस घरातच राहिली. सुई-दोऱ्याला हात लावला नाही, डबीही उघडली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी तिने डबी उघडली आणि सवयीने मोजलं. अकरा. पुन्हा मोजलं. अकरा. डबी पालथी केली, झाकणाच्या कडेत बघितलं, उशी झटकली, सतरंजी उचलली, गुडघे टेकून फरशीवरून हात फिरवला. अकराच.

"अहो," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही बारा मोजल्या होत्यात ना?"

पेपर हळूहळू खाली आला. नवऱ्याला खोटं बोलता येत नव्हतं. तेवढा एक गुण त्याच्यात पहिल्यापासून होता. "मोजल्या नव्हत्या," तो म्हणाला.

"मग बारा कुठून आल्या?"

"बाराच असतात ना गं नेहमी."

सिस्टरने डबीचं झाकण लावलं. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला, आणि त्याचं धाबं दणाणलं. थिएटरमध्ये दोन नर्स मोजायच्या, दोघी बघायच्या, दोघी मोठ्याने बोलायच्या. नुसत्या दुसऱ्याच्या तोंडच्या आकड्यावर तिने कधी, एकदाही, विश्वास ठेवला नव्हता. आणि घरी, बाळ येणार ह्या आनंदात, तिने पाठमोरं राहून एक आकडा ऐकला आणि घडी घातली. दोन गोधड्या. एक सुई. त्यातली एक गोधडी पावणेदोन किलोच्या पोरीखाली अंथरलेली.

तिने भाचीला फोन लावला. वाजत राहिला. बाळ झोपलं की भाची फोनचा आवाज बंद करते हे तिला माहीत होतं. तिने पर्स उचलली. नवऱ्याने न सांगता कपाटाच्या वरच्या फळीवरून आपला नालाच्या आकाराचा लोहचुंबक काढला. कचेरीत टेबलाखाली सांडलेल्या टाचण्या गोळा करायला सगळे तो वापरायचे, आणि निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी थट्टेने त्यालाच भेट दिलेला. दोघं बसमध्ये शेजारी बसली, पस्तीस मिनिटांचा रस्ता. सिस्टरच्या मनात एकच चाललं होतं. पोरीला काही झालं असेल तर पुन्हा सुई हातात धरायची नाही. आणि काही झालं नसेल तरी ह्यापुढे कोण आपली गोधडी घेईल? कोणत्या तोंडाने द्यायची? जिचा आकडा चुकत नाही ती बाई, एवढीच तर आपली ओळख. तीही गेली.

दार भाचीच्या सासूबाईंनी उघडलं. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि घरातही बऱ्यापैकी तशाच. सिस्टरने चपलाही काढल्या नाहीत. "बाळाला आधी उचला," ती म्हणाली. "माझ्या गोधडीत सुई राहिली असण्याची शक्यता आहे. चूक माझी आहे."

आतल्या खोलीत मुंगी त्याच गोधडीवर मुठी आवळून झोपली होती. भाचीने तिला झडप घालून उचललं. सिस्टरने हात धुतले, बाळाला मांडीवर घेतलं आणि सगळे कपडे काढून पाठ, कुल्ले, बगला, मानेची वळी, तळपाय, इंचन् इंच बघितलं. मुंगीने घर डोक्यावर घेतलं. एवढ्याशा जिवात एवढा आवाज! कुठे ओरखडा नाही, लाल ठिपका नाही. मग गोधडी पलंगावर पसरली. नवऱ्याने दोन कोपरे ताणून धरले आणि सिस्टरने लोहचुंबक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवला, पट्टा पट्टा करत, मग उलट्या बाजूने, मग आडवा. काही चिकटलं नाही. मग डोळे मिटून बोटांनी चाचपलं. मग सासूबाईंनी चष्मा लावून स्वतः चाचपलं. सुई नव्हती.

सिस्टरचा जीव भांड्यात पडला, आणि इतका वेळ आवरलेलं रडू एकदम आलं. भाचीने बाळाला एका हातात सांभाळत दुसरा हात तिच्या खांद्यावर टाकला. "मावशी, अगं नाहीये ना. बस. पाणी पी."

सासूबाई गोधडीकडे बघत उभ्या होत्या. "तुम्ही बोलला नसतात तर आम्हाला कळलंही नसतं," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच आले," सिस्टर नाक पुसत म्हणाली. "ही मी परत नेते. तुम्हाला आता हिच्यावर पोर निजवायला नको वाटेल."

"वा! आणि झोपेल कशावर ती? तीन वेळा दुसरं अंथरूण घालून बघितलं मी. डोळा मिटत नाही पोरगी." सासूबाईंनी गोधडी झटकून पुन्हा अंथरली, सुरकुती हाताने मोडली आणि सुनेला म्हणाल्या, "निजव तिला. आणि मावशींना चहा टाक."

सिस्टर त्या कडक बाईकडे नुसती बघत राहिली. कुणी असं आपल्याला सांभाळून घेईल, ह्याची तयारी करून ती आलीच नव्हती.

चहाचा कप हातात आला आणि तेव्हा कुठे तिच्या डोक्यात पुढचा विचार शिरला. ह्या गोधडीत नाही, तर मग दुसऱ्या गोधडीत. डॉक्टरांच्या. कप तिने तसाच खाली ठेवला. बाळ निदान रडलं असतं. डॉक्टरांच्या डाव्या पायात सुई अख्खी घुसली तरी त्यांना पत्ता लागणार नाही. त्यात त्यांना मधुमेह. अशा पायाला न कळलेली जखम होते, चिघळते, आठवडाभराने वास यायला लागतो, आणि मग काय करावं लागतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? ते करताना हत्यारं तीच हातात देत आली होती. चार दिवस झाले होते. आज पाचवा.

तिने डॉक्टरांना फोन लावला. एंगेज. पुन्हा एंगेज. तिसऱ्यांदाही तेच. नवरा तोवर खाली जाऊन टॅक्सी थांबवून आला होता. टॅक्सीत तो पहिल्यांदा बोलला, "चूक माझी आहे गं."

"तुमची तर आहेच," सिस्टर म्हणाली. "पण तुमच्यावर विसंबले ही माझी." मग जरा वेळाने तिने त्याचा हात धरला.

डॉक्टरांच्या घराचं दार सताड उघडं होतं आणि आतून त्यांचा ओरडण्याचा आवाज येत होता. सिस्टर भिंतीचा आधार घेत आत गेली. डॉक्टर पलंगावर टेकून बसले होते, कानाला फोन. "डावा! अरे डावा म्हणतोय मी, उजवा नाही!" डावा पाय समोरच्या स्टुलावर होता आणि अंगठ्याला पांढरी पट्टी.

"सिस्टर! या, या!" त्यांनी फोन गादीवर टाकला. "सकाळपासून तुम्हाला लावतोय. घरचा वाजत राहतो, तुमच्या हातातला एंगेज."

"सर, माझ्याकडून सुई राहिली. तुमच्या गोधडीत. मी मोजलं नाही. मला—"

"माहीत आहे. ती बघा तिथे."

वाटीत सुई होती, निळा दोरा अजून नेढ्यात. सिस्टर खाली बसली आणि पट्टी सोडायला लागली. अंगठ्याच्या टोकाशी एक बारीक लाल ठिपका, कोरडा, स्वच्छ. तिने भोवतीची कातडी दाबून बघितली, सूज आहे का, गरम लागते का. "धनुर्वाताचं इंजेक्शन?"

"घेतलं."

"साखर तपासली?"

"तपासली. सिस्टर, तुम्ही जरा ऐकून घेता का?"

"सर, गोधडी मी घेऊन जाते. मला माफ करा. एवढी वर्षं तुम्ही माझ्या मोजणीवर—"

"गोधडीला हात लावाल तर बघा!" डॉक्टर असे कडाडले की दारातला नवराही दचकला. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "पहाट उलटून गेली होती, उजाडलं होतं. मी गोधडी पायावर ओढली आणि ओरडलो. आई गं म्हणून ओरडलो. बाई धावत आली. ती विचारते काय झालं, आणि मलाच कळेना मी का ओरडलो ते. मग कळलं." आयुष्यभर दुसऱ्यांना भूल देणारा तो माणूस शब्द शोधत होता. "सिस्टर, दुखलं हो."

सिस्टरने वर बघितलं. ती थिएटरची बाई. आनंदाने कुणी काही सांगितलं म्हणून मान डोलावणारी नव्हे. पाय आपोआप झटकला असेल. गोधडी ओढताना हाताला काही लागलं असेल. तेरा महिने व्यायाम करून घेणारी बाई ह्याच पायाला टाचणी टोचून थकली होती, आणि तेरा महिने उत्तर एकच. खोटी आशा म्हाताऱ्याला मोडून टाकेल, हे तिला दिसत होतं. आणि त्या आशेला आपल्या चुकीची सुई कारण, हे तर तिला सहनच झालं नसतं.

"डोळे मिटा," ती म्हणाली.

"कशाला?"

"मिटा म्हणते ना. अंदाजाने सांगायचं नाही. कळलं तरच हो म्हणायचं."

डॉक्टरांनी शाळकरी पोरासारखे घट्ट डोळे मिटले. सिस्टरने सुईतला दोरा काढला, सुई स्पिरिटने पुसली आणि पाय मांडीवर घेतला. पोटरीवर टोक टेकवलं. "इथे?"

"नाही."

घोट्यावर. "इथे?"

"नाही."

टाचेवर. "नाही." तळव्याच्या मधोमध. डॉक्टरांनी डोळे आणखी घट्ट मिटले. "नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. दारातून नवरा एक पाऊल आत आला आणि तिथेच थबकला.

सिस्टरने सुई अंगठ्याजवळ नेली, पण लावली नाही. हवेतच धरली. "आता?"

"आता तर काहीच नाही," डॉक्टर खिन्नपणे म्हणाले.

मग तिने लावली.

"हां!" ते ओरडले. "तिथे! अंगठा!"

तिने सुई उचलली, आणि शेजारच्या बोटावर टेकवली, हलकेच.

"दुसरं बोट. दुसरं ना? टोचलं."

सिस्टरला पुढचं बोट दिसेना. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि दोन्ही हात गुंतलेले होते, पुसणार कशाने? चूक ती चूकच होती, आणि ती तिला मरेपर्यंत विसरता येणार नव्हती. बाळाला लागू शकलं असतं. ह्याच पायाची वाट लागू शकली असती. तसं काही झालं नाही. कुणाचे आभार मानायचे हे तिला कळत नव्हतं. ती तो कृश, सुरकुतलेला पाय मांडीवर घट्ट धरून बसून राहिली.

डॉक्टरांचे डोळे सांगितल्याप्रमाणे मिटलेलेच होते. मिटल्या पापण्यांखालून त्यांच्याही गालावर पाणी उतरत होतं.

"थांबलात का?" ते म्हणाले. "टोचा ना, सिस्टर. परत टोचा."